घर बघायला या वेळी एकटी जा

ताई,

आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याला नेदरलँड्समधल्या वेल्डहोवनमध्ये नोकरी लागली म्हणून मार्चमध्ये आइंडहोवनला आलो. कंपनीनं दिलेला तात्पुरता फ्लॅट दीड महिन्यात सोडायचा आहे. जवळच्या न्यूनन गावात एक घर मिळतंय: ओळीतलं, वरच्या मजल्यावर तीन खोल्या, मागे छोटी बाग. भाडं १,६५० युरो. मालक तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतो, एजंट 'कागदपत्रांचा खर्च' म्हणून ५०० युरो मागतो आणि करार दोनच वर्षांचा म्हणतो. जाहिरातीत घर 'काल' (डच शब्द, म्हणजे उघडंबोडकं) असल्याचं लिहिलंय. करारात एक कलम आहे की उग्र वासाचा स्वयंपाक करायचा नाही. नवरा त्या भागावर खूष आहे, म्हणतो किती शांत! मला मात्र त्या शांततेचीच धास्ती वाटते. रविवारी सकाळी अकराला गेलो तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाशिकला मी शाळेत शिकवत होते, आता घरी असते. मुलगी पाच वर्षांची आहे. जून ते ऑगस्ट सासू-सासरे येणार आहेत. हे घर घ्यावं, की शहरात लहानसा फ्लॅट बघावा?

नाशिककर, आइंडहोवन

प्रिय नाशिककर,

डिपॉझिट, एजंटचे पैसे, दोन वर्षांचा करार, या सगळ्याची उत्तरं इथल्या कायद्यात आहेत. ती पुढे देतेच. पण तू शांततेची धास्ती वाटते असं लिहिलंस आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळलीस. मला तिथेच थांबायचंय, कारण घर घ्यायचं की नाही हे त्यावरच ठरायला हवं.

तुझा नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडेल आणि संध्याकाळी सहाला परतेल. दिवसभराच्या मीटिंगांनंतर त्याला ती शांतता औषधासारखी वाटेल आणि त्यात गैर काही नाही. मधले दहा तास मात्र तिथे तू असणार आहेस. आपल्या घरांत जागा निवडताना कमावणाऱ्याचं ऑफिस किती लांब हे पहिल्यांदा विचारलं जातं आणि घरात राहणारीनं 'जमवून घ्यायचं' असतं. परदेशात हे फार महागात पडतं. नाशिकला जमवून घ्यायला शेजारच्या काकू असतात, माहेर असतं, कोपऱ्यावरचा भाजीवाला असतो. इथे पहिले काही महिने यातलं काहीच नसतं. म्हणून या घराबाबत तुझ्या मताला जास्त वजन हवं. हे नवऱ्याला स्पष्ट सांग. वाटलं तर हे पत्र त्याला वाचायला दे.

त्याच्या सोयीचं म्हणशील तर तिथेही एकदा नकाशा उघडा. न्यूनन आइंडहोवनच्या ईशान्येला आहे आणि वेल्डहोवन नैऋत्येला, म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडायचं. अंतर पंधराएक किलोमीटर. न्यूननला रेल्वे स्टेशन नाही. बस आहे, पण ती आइंडहोवन स्टेशनला नेते आणि तिथे बदलावी लागते. इलेक्ट्रिक सायकलवर माणसं हे अंतर रोज कापतात खरी, पण नोव्हेंबरच्या पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात ते करायची त्याची तयारी आहे का, हे आत्ताच विचार. तो थोड्याच दिवसांत गाडी घेणार असेल तर तुझ्यासाठी उरतात बस आणि सायकल. तुला सायकल येते का? पत्रात तू ते लिहिलं नाहीस. येत नसेल तर न्यूनन काय, या देशातल्या कुठल्याही गावात राहण्याआधी ती शिकून घे. अनेक गावांत नव्यानं आलेल्या बायकांना स्वयंसेवक सायकल शिकवतात, नगरपालिकेत किंवा वाचनालयात चौकशी कर.

आता माझी एकच मागणी. सही करण्याआधी एका कामाच्या दिवशी त्या भागात एकटी जा. नवरा नको, एजंट नको, मुलगी बरोबर चालेल. शक्यतो पाऊस असेल तो दिवस निवड. आइंडहोवन स्टेशनवरून बस पकड, घराजवळच्या थांब्यावर उतर आणि परतीची बस किती वेळानं आहे ते बघ. संध्याकाळी आठनंतर आणि रविवारी काय होतं तेही बघ, कारण गावांच्या बस त्या वेळी विरळ होतात. घरापासून किराणा दुकानापर्यंत चालत जा. जवळच्या प्राथमिक शाळेच्या दारात शाळा सुटायच्या वेळेला उभी राहा. तिथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरून विचार की नवे पेशंट घेता का. इथे प्रत्येकाला आपल्या भागातल्या एका फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे 'हाउजआर्ट्स'कडे, नाव नोंदवावं लागतं. बरेच दवाखाने भरलेले असतात आणि लांबच्या पत्त्यावरच्या माणसाला घेत नाहीत. मग वाचनालयात जाऊन बस. घरी परतशील तेव्हा तुझं तुलाच उत्तर मिळालेलं असेल. रविवारी सकाळी अकराला पाहिलेला रस्ता या गावाचा खरा चेहरा नाही. त्या वेळी लोक घरात कॉफी पीत असतात, नाहीतर मुलांना घेऊन जंगलात फिरायला गेलेले असतात.

तुला वाटतंय तेवढी ही वस्ती मुकी नाही. ब्राबंट प्रांतातली माणसं उत्तरेकडच्या लोकांपेक्षा मोकळी, बोलकी समजली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल येतो तेव्हा हीच माणसं चेहरे रंगवून, बँड घेऊन दिवसचे दिवस रस्त्यावर असतात. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी मुलं चादरी अंथरून जुनी खेळणी विकतात. जूनमध्ये दहावी-बारावीसारख्या परीक्षेत पास झालेल्या मुलाच्या घरावर झेंडा लागतो आणि झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगलेलं असतं. कोणाकडे बाळ झालं की अंगणात लाकडी करकोचा उभा राहतो. या घरांना एकमेकांची खबर असते. फक्त ती खबर आपल्याकडे आपोआप चालत येत नाही, पहिलं पाऊल नव्यानं आलेल्यानं टाकायचं असतं.

ते पाऊल असं टाक. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांची बेल वाज. वेळ दुपारी चार किंवा संध्याकाळी साडेसातच्या सुमाराची. सहाच्या आसपास जाऊ नकोस, तेव्हा सगळा देश जेवायला बसलेला असतो. नवरा आणि मुलगी बरोबर असू देत. हात पुढे करून नाव सांग, आम्ही अमुक नंबरच्या घरात नवीन आलोय म्हण. दोन मिनिटं दारातच बोलणं होईल. आत बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, ते नंतर ठरवून होतं. घरी कोणी नसेल तर छोटं कार्ड पेटीत टाक, त्यावर तिघांची नावं आणि फोन नंबर. गल्लीचा व्हॉट्सॲप गट आहे का तेही विचार. बहुतेक वस्त्यांत असतो आणि कोणाची मांजर हरवली यापासून ते शिडी उसनी हवी यापर्यंत सगळं त्यावर चालतं.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की ठेव: इथला शेजारी तक्रार तोंडावर सांगतो. 'काल रात्री तुमच्याकडे फार आवाज होता' असं कोणी दारात येऊन म्हणालं तर आपल्याला वाटतं, संपलं, आता हे आपल्याशी बोलणार नाहीत. प्रत्यक्षात त्यानं ते सांगून मोकळं केलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तो तितक्याच मनापासून हात हलवतो. तूही तसंच सांगायला शीक. ओळीतल्या घरांत भिंती सामाइक असतात. सकाळी सहाला मिक्सर लावू नकोस, भिंतीत ड्रिल करायचं ते रविवारी करू नकोस. रात्री दहानंतर जिन्यावरून मुलीची धावपळ शेजाऱ्याला त्याच्या खोलीत ऐकू येते. गणपतीला किंवा मुलीच्या वाढदिवसाला माणसं जमणार असतील तर चार दिवस आधी शेजाऱ्यांना सांग, जमलं तर बोलाव. आधी सांगितलेला गोंधळ इथे लोक आनंदानं सोसतात.

बागेकडे मात्र लक्ष द्यावं लागेल. भाडेकरूनं करायच्या छोट्या दुरुस्त्यांची इथे सरकारी यादी आहे आणि कुंपणाची झाडं छाटणं, तण काढणं, गवत कापणं त्यात येतं. समोरची बाग रानासारखी वाढली तर शेजारी बोलतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. कचऱ्याचंही तसंच. ओला कचरा, कागद, प्लास्टिक-डबे आणि उरलेला कचरा वेगवेगळा ठेवायचा असतो. चाकांचे डबे, ज्यांना सगळे 'क्लिको' म्हणतात, ठरलेल्या दिवशी रस्त्याकडेला न्यायचे आणि रिकामे झाले की परत आणायचे. नगरपालिकेच्या वेळापत्रकाचं ॲप फोनवर घेतलंस की निभावतं.

आता तुझ्या मुलीबद्दल, आणि तिच्या निमित्तानं तुझ्याबद्दल. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून इथे शाळा सक्तीची होते. म्हणजे घराचा निर्णय हा शाळेचाही निर्णय आहे. आइंडहोवनमध्ये इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा आहे. दोन-तीन वर्षांत परत जायचं नक्की असेल तर तिचा विचार करा. तसं नक्की नसेल तर मी गावातली डच शाळा निवडेन. पाच वर्षांचं मूल वर्षभरात भाषा उचलतं. गावच्या शाळेत तिला मिळणाऱ्या मैत्रिणी चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, आणि दुपारी एकमेकींकडे खेळायला जाणं आयांनी ठरवायचं असतं. बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी लवकर सुटतात. त्या दुपारी तुझ्या ओळखी जितक्या पटकन होतील तितक्या मराठी मंडळात वर्षभर जाऊनही होणार नाहीत. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी शाळा काय करते, वेगळा वर्ग गावात आहे की शहरात पाठवतात, हे मुख्याध्यापकांना आधीच विचार. तू स्वतः शिक्षिका आहेस, कोणते प्रश्न विचारायचे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि तू घरी का आहेस? नवरा उच्चकौशल्य परवान्यावर, इथल्या भाषेत 'केनिसमिग्रांट' म्हणून, आला असेल तर पत्नीला नोकरी करायला वेगळा परवाना लागत नाही. तुझ्या निवास-कार्डावर तसं छापलेलं असतं, काढून बघ. अडतं ते भाषेपाशी. या परवान्यावर आलेल्या कुटुंबांना डच शिकण्याची सक्ती नसते, त्यामुळे नगरपालिका तुला वर्गात बसवायला येणार नाही, तुलाच जावं लागेल. वाचनालयांत स्वयंसेवकांबरोबर गप्पा मारत भाषा शिकण्याचे गट चालतात आणि त्यांत नवख्या माणसांचं स्वागत असतं. मुलीचं वाचनालयाचं सभासदत्व अठरा वर्षांपर्यंत फुकट आहे, तिच्याबरोबर तू पहिल्या इयत्तेची चित्रांची पुस्तकं वाचत बसलीस तरी मला चालेल. शिक्षिकेनं घरात बसून राहू नये असं मला मनापासून वाटतं. शाळांना दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायला, वाचनाला मदत करायला पालक हवे असतात. तिथून सुरुवात कर.

आता पैसे आणि करार. घाईत असलेल्या परदेशी कुटुंबाकडून जास्तीचं काढता येतं हे काही मालकांना आणि एजंटांना चांगलं ठाऊक असतं, म्हणून हे नीट वाच.

डिपॉझिट: १ जुलै २०२३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार मालक जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढंच डिपॉझिट घेऊ शकतो. १,६५० हे मूळ भाडं असेल तर ३,३०० युरो. ४,९५० मागायचा त्याला अधिकारच नाही. घर सोडल्यावर कपात करण्यासारखं काही नसेल तर ते १४ दिवसांत परत द्यावं लागतं, कपात असेल तर ३० दिवसांत हिशेबासकट. त्यासाठी किल्ली घेताना खोलीन् खोलीचे फोटो काढ, तपासणीचा अहवाल दोघांच्या सहीनं कर, मीटरचे आकडे त्यात लिही.

एजंटचे ५०० युरो: घराची जाहिरात मालकातर्फे त्यानं केली असेल तर तो मालकाचा माणूस आहे आणि भाडेकरूकडून मध्यस्थीचे पैसे घेणं बेकायदा आहे. नाव बदलून 'कागदपत्रांचा खर्च' किंवा 'कराराचा खर्च' म्हटलं तरी फरक पडत नाही.

दोन वर्षांचा करार: १ जुलै २०२४ पासून इथे मुदत नसलेला करार हाच नियम आहे. मुदतीचा करार काही ठरावीक अपवादांत चालतो. एक अपवाद असा की मालक स्वतः त्या घरात राहत होता, काही काळ बाहेर चाललाय आणि परत येऊन तिथेच राहणार आहे. तेव्हा कारण विचार आणि ते करारात लिहून घे. कारण नसेल आणि तरी 'दोन वर्षं' लिहिलं असेल, तर ती मुदत संपली म्हणून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. एक उलटी बाजूही बघ: करारात किमान एक वर्षाची अट असते का? असेल तर त्याआधी तुम्हाला सोडता येणार नाही. उच्चकौशल्य परवान्यावर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, म्हणून नोकरी गेल्यास एक महिन्याच्या सूचनेनं घर सोडता येईल असं वाक्य मागून बघा. समजूतदार मालक ते मान्य करतात.

भाडं: इथे प्रत्येक घराला गुण देण्याची सरकारी पद्धत आहे. क्षेत्रफळ, ऊर्जेचं लेबल (घर किती ऊर्जा खातं त्याची ए ते जी अशी श्रेणी), स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाग, घराची सरकारी किंमत या सगळ्यांचे गुण. २०२४ च्या कायद्यापासून १८६ गुणांपर्यंतच्या घरांना भाड्याची कमाल मर्यादा आहे. १८६ गुणांना ती २०२५ च्या दरानं १,१८४.८२ युरो होती. १,६५० घ्यायचे तर घराचे किमान १८७ गुण भरायला हवेत. न्यूननसारख्या महाग गावात तीन खोल्यांच्या चांगल्या घराचे ते भरतातही, पण घर जुनं असून ऊर्जेचं लेबल ई, एफ किंवा जी असेल तर गुण कापले जातात. १ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांना मालकानं गुणांचा तक्ता जोडायलाच हवा. तो माग. शंका आली तर करार सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत 'ह्यूरकमिशी' या भाडे-लवादाकडे सुरुवातीचं भाडं तपासून घेता येतं, भाडेकरूला २५ युरो भरावे लागतात.

तू म्हणशील, एवढं सगळं बोलले तर तो घर दुसऱ्याला देईल. देऊ शकतो. भाड्याची घरं कमी आहेत, २०२४ नंतर अनेक मालकांनी ती विकायला काढली, आणि एका घरामागे पुष्कळ अर्ज येतात. म्हणून सूर भांडणाचा नको. एक छोटा ईमेल पुरे: घर आवडलं, घ्यायची इच्छा आहे, कायद्याप्रमाणे दोन महिन्यांचं डिपॉझिट लगेच भरतो, गुणांचा तक्ता आणि कराराचा मसुदा पाठवावा. कंपनीचं नोकरीचं पत्र आणि पगारपत्रकं सोबत जोडा, पासपोर्टच्या प्रतीवरचा बीएसएन नंबर, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, असेल तर तो झाकून. त्यावर तो अडून बसला आणि तुमच्यापुढे दुसरा मार्गच नसेल तर पैसे फक्त बँकेतून द्या, रोख एक युरोही नको, आणि ईमेल जपून ठेवा. कायद्याविरुद्ध घेतलेले पैसे नंतर परत मागता येतात. प्रत्येक नगरपालिकेत वाईट मालकांविरुद्ध तक्रारीची खिडकी आहे, तिथे फुकट ऐकून घेतात. दोन गोष्टींवर मात्र जागेवरच नकार दे: त्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येणार नाही म्हणाला तर, आणि घर आतून बघायच्या आधी पैसे मागितले तर.

स्वयंपाकाच्या कलमानं मला राग आला. कोणी काय शिजवावं हे मालकानं ठरवायचं नसतं, आणि भाडेकरू निवडताना कुठून आला यावरून भेद करायला कायद्यानं मनाई आहे. 'उग्र वास' म्हणजे कोणता हे ठरवणार कोण? ते कलम काढायला सांग. त्याची भीती भिंतींच्या ओलीची आणि वासाची असेल तर ती समजून घेण्यासारखी आहे. बंद घरात रोजचा कुकर, फोडणी आणि आत वाळत घातलेले कपडे यांनी बुरशी धरते, आणि ती काढायचा खर्च मोठा असतो. त्या जागी असं वाक्य सुचव: 'भाडेकरू स्वयंपाक करताना हवा खेळती ठेवेल आणि चिमणीची जाळी वेळोवेळी साफ करेल.' आणि घर बघताना चिमणी हवा बाहेर सोडते की नुसतीच गाळून परत आत सोडते, ते तपास. दुसऱ्या प्रकारची असेल तर फोडणी देताना खिडकी उघडायची सवय लाव, थंडीतही.

'काल' या शब्दाकडे तुम्ही फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. त्या घरात बहुधा जमिनीवर नुसतं सिमेंट असेल, पडदे नसतील, दिव्यांच्या जागी वायरी लोंबत असतील, कदाचित शेगडी आणि फ्रिजही नसेल. तीन खोल्या, जिना आणि बैठकीची खोली यांना फरशी घालायची तर हजारो युरो जातात, आणि दीड महिन्यात तुम्हाला सामान हलवायचंय. आधीचा भाडेकरू कोण होता ते विचारा. पुष्कळदा जाणारा माणूस फरशी, पडदे, शेगडी थोड्या पैशांत सोडून जातो, मालकाची तेवढी संमती लागते. बाकीचं जुन्या वस्तूंच्या दुकानांतून आणि मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर जमवा. १,६५० मध्ये गॅस, वीज, पाणी येत नाही, आणि कचऱ्याचा नगरपालिकेचा कर व जलमंडळाचा कर भाडेकरूलाच येतो, तोही महिन्याच्या हिशेबात धरा. घरातल्या सामानाचा आणि तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा आठवणीनं काढा. पाच वर्षांच्या मुलीचा चेंडू शेजाऱ्याच्या काचेवर कधीतरी जाणारच आहे.

सासू-सासऱ्यांसाठी हे गाव शहरातल्या फ्लॅटपेक्षा मला बरं वाटतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, चालायला सपाट रस्ते आहेत, बाकं आहेत. व्हिन्सेंट व्हान गॉग १८८३ ते १८८५ न्यूननमध्ये राहत होता. त्याच्या वडिलांचं पाद्रीघर आणि त्यानं चितारलेली पवनचक्की अजून उभी आहे, बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं ते प्रसिद्ध चित्र त्यानं इथेच १८८५ मध्ये काढलं. सासऱ्यांना रोज थोडं थोडं फिरून बघता येईल. पण जिना बघ. डच घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात, आणि झोपायच्या खोल्या व बरेचदा अंघोळीची सोय वरती असते. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर बैठकीच्या खोलीत त्यांच्या झोपण्याची सोय होईल का, खाली संडास आहे का, हे घर बघतानाच पाहून ठेव. भेटीच्या व्हिसासाठी तुम्ही हमी आणि राहण्याची सोय दाखवणार असाल तर त्या फॉर्मवरची नवऱ्याची सही नगरपालिकेत प्रमाणित करून घ्यावी लागते. तेव्हा जूनच्या तिकिटांआधी पत्ता पक्का हवा, आणि घर बदलल्यावर पाच दिवसांच्या आत नवा पत्ता नोंदवायला हवा. दोघांचा प्रत्येकी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा विसरू नका.

माझं मत विचारशील तर मी हे घर घेईन, दोन अटींवर. गावच्या शाळेत मुलीला जागा आहे असं शाळेनं लेखी कळवलेलं असावं, आणि त्या एकटीच्या दिवशी बस, दुकान आणि दवाखाना तुझ्या पायांना आणि सायकलला जमतील असं तुला वाटलेलं असावं. यातली एक अट जरी मोडली तरी शहरातला लहान फ्लॅट घे. वुन्सेल भागात, क्राउस्त्राटच्या आसपास बघ. तिथे सगळ्या देशांची दुकानं आहेत आणि मसाले, डाळी पायी मिळतात. न्यूननला राहिलीस तरी तो भाग सायकलच्या टप्प्यात आहे, म्हणजे घर कुठेही घेतलंस तरी कढीपत्त्याची काळजी नको.

मालकाला ईमेल उद्याच पाठव, शाळेला फोन त्याच दिवशी कर, आणि गुणांचा तक्ता आला की मला कळव. त्यातलं ऊर्जेचं लेबल आणि गुणांची बेरीज तेवढी लिहून पाठव.

तुझी ताई